झडपेवरचे तीन ठोके

मित्रांनो, तुमच्याशी एक टोप बोलतो आहे. भात शिजवायचा नव्हे, डोक्यावर घालायचा. लोखंडी, पुढे चोचीसारखी निमुळती झडप असलेला, खाली खांद्यांपर्यंत कड्यांची जाळी लोंबणारा. मला पाहून लोकांना वाटते, हा सहाशे वर्षांचा असणार. मी एकोणीस वर्षांचा आहे. मला ज्याने घडवले तो आल्फोन्स अजून आहे, आणि रोज दुपारी चार वाजता स्टूल ओढून माझ्यासमोर बसतो. का बसतो, तेच मला सांगायचे आहे.

आमचे गाव पोलंडच्या उत्तरेला, एका संथ नदीच्या काठी. गावाबाहेर लाल विटांचा पडका किल्ला आहे आणि त्याच्या पायथ्याशी मोठे कुरण. दर जुलैत त्या कुरणावर लढाई होते. गावातले सुतार, शिक्षक, दातांचे डॉक्टर वर्षभर घरी चिलखते ठोकतात, अंगरखे शिवतात आणि बोथट तलवारी घेऊन एक जुनी लढाई पुन्हा लढतात. कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असते. कोणी कुठे पडून मरायचे, हेही ठरलेले असते. लढाई संपली की शिंग वाजते आणि सगळे मेलेले उठून, गवत झटकून सॉसेज खायला जातात.

आल्फोन्स छपरांचे पत्रे आणि पन्हळी बनवायचा. मला त्याने आपल्या शेडमध्ये एकाच सपाट पत्र्यातून काढले. ओंडक्यात खळगा कोरला होता, त्यावर पत्रा ठेवून तो ठोकत बसे. पत्रा ताठर झाला की भट्टीत लाल करायचा, निवू द्यायचा, पुन्हा ठोकायचा. तीन आठवडे माझे हेच चालले होते. पत्रा कुठे पातळ झाला हे आल्फोन्स बघून नाही, ऐकून ओळखे. बोटाच्या पेराने तीन ठोके मारी आणि कान लावी. या ठोक्यांवर मी वाढलो असे म्हटले तरी चालेल.

मला घातले बोगुमिलने. बोगुमिल म्हणजे आल्फोन्सच्या बहिणीचा नवरा. दूधगाडी चालवायचा. देह दांडगा, नजर अधू. पहिल्या दिवशी त्याने मला डोक्यावर चढवले, झडप खाली पाडली, तेव्हा आल्फोन्सने सवयीने तीन ठोके मारले.

"घरात कोणी आहे का?"

"कोणी नाही," आतून बोगुमिल म्हणाला. "मालक लढाईला गेलेत. दूध दारात ठेवून जा."

तेव्हापासून दर वेळी हेच. तीन ठोके, तोच प्रश्न, तेच उत्तर. दोघांनाही त्याचे इतके हसू का येई, मला कळत नसे. पण आतून त्याचे हसू माझ्या पत्र्याला लागे आणि मलाही बरे वाटे.

बोगुमिल हरणाऱ्या बाजूचा होता. पांढरा झगा, त्यावर काळा क्रूस. त्या बाजूचे लोक दरवर्षी मरतात, त्याला इलाज नाही. पण बोगुमिलसारखे मरायला कोणाला जमत नसे. घाव बसला की तो सहा पावले झोकांड्या खाई, गुडघ्यावर येई, आकाशाकडे हात करी, लोकांना वाटे संपला, तेवढ्यात पुन्हा उठे आणि मग धाडकन पडे. बाकांवर बसलेल्या बायका हातातली काकडी खायच्या थांबत. टाळ्या फक्त त्यालाच पडत. मला अभिमान वाटे, खोटे कशाला बोलू.

पुढे पुढे त्याला तेवढ्याने भागेना. शिंग वाजले, सगळे उठले, तरी तो पडूनच राही. आमच्या तुकडीचा नायक गेनेक, एरवी शाळेत गणित शिकवणारा. तो येऊन त्याला पायाने ढोसे.

"ऊठ रे, रेड्या. लोक घरी गेले."

एका वर्षी तो उठेचना म्हणून गेनेक त्याच्या पोटावरच बसला. दुसऱ्या वर्षी त्याची मुलगी दोब्राव्हा, तेव्हा अकरा वर्षांची, कुंपणाखालून धावत आली आणि माझी झडप उघडून रडायला लागली. बोगुमिलने तिला शपथ घेऊन सांगितले, पुन्हा असे करणार नाही. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा तेच केले. तेव्हा दोब्राव्हा रडली नाही. कोणीच जवळ गेले नाही. शेवटी तो आपणच उठून आला.

माझी झडप खाली धरून ठेवायला जबड्यापाशी एक छोटी खुटी आहे. सातव्या वर्षी, सरावात एका गदेचा फटका बसून ती वाकली. झडप मग आपोआप वर उडायची आणि बोगुमिलचा चष्मा दिसायचा. आमच्याकडे लढाईत आजच्या काळातली वस्तू दिसली की गेनेक माणसाला मैदानाबाहेर काढतो. बोगुमिल मला घेऊन आल्फोन्सकडे आला.

"खुटी तेवढी सरळ कर."

"लढाईनंतर बघू," आल्फोन्स म्हणाला. त्याच्याकडे चर्चच्या छपराचे काम होते.

बोगुमिल आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा आल्फोन्सने तेच सांगितले. पाच मिनिटांचे काम होते, मित्रांनो. मी त्याच्या हातात होतो आणि हातोडी समोर होती.

लढाईच्या दिवशी खुटी तशीच होती. मैदानावर जाण्याआधी आल्फोन्सने चामड्याची एक वादी घेतली, माझी झडप खाली ओढून जबड्याशी बांधली आणि दोन गाठी मारल्या.

"आता उडत नाही. घरात कोणी आहे का?"

"कोणी नाही. मालक घामाने वाहून गेले."

ऊन फार होते. माझ्यावर हात ठेवला असता तर पोळला असता. लढाईच्या मध्यावरच, ठरल्याच्या बऱ्याच आधी, बोगुमिलचा श्वास अडखळला. कोणी घाव घातला नव्हता. तो सहा पावले झोकांड्या खात गेला. गुडघ्यावर आला. हात वर केला. लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग तो उजव्या कुशीवर पडला. माझी श्वासाची भोके उजव्या बाजूलाच आहेत, ती गवतात रुतली.

त्याने हात गाठीकडे नेला. घामाने चामडे आवळले होते आणि लोखंडी पंजाच्या बोटांना गाठ सापडेना. तेव्हा त्याने झडपेवर तीन ठोके मारले. मी ते सगळे अंग गोळा करून वाजवले. टाळ्या चालू होत्या. त्याने पुन्हा तीन मारले. तिसऱ्या वेळी दोनच झाले.

शिंग वाजले. सगळे मेलेले उठले, एक सोडून.

"पडू दे त्याला," गेनेक म्हणाला. "सॉसेजचा वास आला की उठेल."

बऱ्याच वेळाने आल्फोन्स आला. त्याच्या हातात बोगुमिलसाठी घेतलेला ताकाचा पेला होता. त्याने खाली वाकून तीन ठोके मारले. "घरात कोणी आहे का?" विचारले, आणि उत्तराची वाट पाहत हसत उभा राहिला. त्याचे ते हसू मी अजून विसरलो नाही. त्यानंतर त्याने चाकू काढला आणि वादी कापली.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबले, वेळेवर कळते तरी वाचला असता की नाही, सांगता येत नाही. आल्फोन्सने कापलेली वादी खिशात घातली. ती कोणी पाहिली नाही.

मग मी शेडमध्ये खिळ्याला टांगला गेलो. ज्या पत्र्याला तो रोज तेल लावायचा, त्याच्याकडे आता तो मान वळवून पाहीना. माझ्या कपाळावर गंज चढला. आतल्या गादीची लोकर कसरीने खाल्ली. हे सगळे मी सोसले असते. पण पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सुरू झाली.

दुपारी चार वाजता, म्हणजे त्या दिवशी शिंग वाजले त्याच वेळी, माझ्यावर तीन ठोके पडले.

आल्फोन्स समोर पन्हळ वाकवत होता. त्याने वर पाहिले. शेडमध्ये दुसरे कोणी नव्हते. पत्रा आकसतो, असे तो मोठ्याने म्हणाला. पत्र्यात जन्म गेलेला माणूस तो, भर उन्हात पत्रा आकसत नाही हे त्याला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार वाजता तीन. त्याने मला घोंगडीत गुंडाळले. घोंगडीच्या आतून तीन. पुढे तो चारच्या आधीच शेडला कुलूप लावून नदीवर जाऊन बसू लागला.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल हा आवाज मीच करत असेन. मी करत नव्हतो. मी रिकामा होतो आणि आल्फोन्सइतकाच घाबरलो होतो. ठोके बाहेरून पडतात की आतून येतात, हेसुद्धा मला कळत नसे. शेवटी शेवटी तर, बाहेर कोणी नसेल तर मग घरात कोण आहे, हा विचार मी करायचाच सोडून दिला.

अशी सात वर्षे गेली. एका जूनमध्ये दोब्राव्हा आली. बापासारखीच दांडगी, बापाचीच दूधगाडी चालवणारी. तिने घोंगडी सोडली आणि मला मांडीवर घेतले.

"मामा, यंदा मी उतरणार आहे. बाबांच्या जागी."

"दुसरा करून देतो. याला गंज लागलाय."

"मला हाच पाहिजे."

"तुझं डोकं लहान आहे."

"गादी जाड करू. तुला द्यायचा नाहीये का? तसं सांग."

आल्फोन्स पन्हळ वाकवू लागला. ती बारीक वाळू आणि व्हिनेगर घेऊन तिथेच बसली आणि मला घासू लागली. सात वर्षांनी माझ्यावर माणसाचा हात फिरला. मग तिची बोटे खुटीपाशी आली.

"ही वाकलीये. झडप राहत नाही. सरळ कर ना."

"लढाईनंतर बघू," आल्फोन्सच्या तोंडून निघून गेले.

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. तिच्या नादात त्याचे घड्याळाकडे लक्ष राहिले नव्हते. चार वाजले होते. दोब्राव्हाच्या मांडीवर, तिचे दोन्ही हात माझ्यापासून दूर असताना, माझ्यावर तीन ठोके पडले.

"हे कोणी वाजवलं?" तिने विचारले.

आल्फोन्सने खिळे-रिबिटांचा डबा पुढे ओढला. तळातून कापलेली वादी काढली. गाठ अजून तशीच होती. ती त्याने तिच्यासमोर ठेवली.

"ही मी बांधली होती. त्यानं तीनदा सांगितलं खुटी कर म्हणून. मी नाही केली. त्याला झडप उघडता आली नाही, दोब्राव्हा. तो रोज वाजवतो. मी रोज पळून जातो."

तिने गाठ नखाने ओढून पाहिली, ती सुटली नाही. तिने त्याला क्षमा केली असे मी म्हणणार नाही, मला तसे दिसले नाही. तिने हातोडी उचलून त्याच्या हातात दिली.

"कर आता. मी इथून हलत नाही."

चार ठोक्यांत खुटी सरळ झाली. त्याने झडप दहा वेळा उघडून मिटून पाहिली.

"अजून दहा वेळा," ती म्हणाली.

लढाईच्या सकाळी ती गेनेकसमोर उभी राहिली. म्हणाली, शिंग वाजवण्याआधी प्रत्येक पडलेल्याने शेजारच्या पडलेल्याच्या टोपावर तीन ठोके मारायचे. ज्याच्यावर पडतील त्याने तीन परत द्यायचे. उत्तर नाही आले तर लढाई तिथेच थांबवायची.

"मेलेल्यांनी हजेरी द्यायची का आता?" तुकडीतला कोणीतरी म्हणाला. "शाळा आहे वाटतं."

गेनेक हसला नाही. तो तिच्या हातातल्या माझ्याकडे पाहत होता. "मोजायला मी उभा राहतो," तो म्हणाला.

दोब्राव्हा बापाच्या जागेवर पडली, उजव्या कुशीवर. बापासारख्या झोकांड्या तिने खाल्ल्या नाहीत. कुरण शांत झाले, तेव्हा गेनेक मधे उभा राहून बोटांवर मोजू लागला. कुरणभर ठोके ऐकू येत होते आणि त्यांची उत्तरे. चाळीस जण पडले होते. उत्तरे एकेचाळीस आली.

"एक जास्त झालं," गेनेक म्हणाला. "पुन्हा करा."

पुन्हा एकेचाळीस. गणिताचा मास्तर तो, मोजणीत चुकणारा नव्हे. शेवटचे तीन ठोके कुठून आले हे मला माहीत होते. दोब्राव्हालाही, कारण तिचा श्वास माझ्या आत थांबला होता. मग तिने झडप वर केली. झडप अगदी सहज उघडली.

"मोजणी बरोबर आहे, काका," ती म्हणाली. "वाजवा शिंग."

त्यानंतर शेडमधले ठोके बंद झाले. तरी आल्फोन्स रोज चारला येऊन बसतो, मला तेल लावतो, मेण घासतो. आता त्याला भीती वाटत नाही. मला वाटते, आता त्याला ते ऐकावेसे वाटतात.

मित्रांनो, लोखंडाला तेल लावा, वाकलेली खुटी त्याच दिवशी सरळ करा, एवढे तर कोणताही टोप तुम्हाला सांगेल. माझी विनवणी आणखी एक आहे. कोणी पडलेला दिसला, तो कितीही सोंगाड्या असो, तर जवळ जा, वाजवा आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.

गेल्या जुलैत त्रेपन्न जण पडले होते. त्रेपन्न उत्तरे आली आणि सगळे शांत झाले. उन्हात लोक चुळबुळ करू लागले, कोणीतरी शिट्टीही वाजवली. गेनेक शिंग हातात धरून तसाच उभा राहिला. चोपन्नावे उत्तर आले, मगच त्याने ते ओठांना लावले.