मी खुंट, फूल माझ्या नावावर नाही

मी गुलाबाचा खुंट बोलतोय. गुलाब नाही, खुंट. तुम्ही ज्या फुलाचा वास घेता, फोटो काढता, ते माझ्या डोक्यावर बसवलेलं असतं. पाणी ओढतो मी, खत पचवतो मी, उन्हाळा काढतो मी, आणि नाव होतं गुलाबाचं. याबद्दल माझी तक्रार नव्हती. माझं भांडण वेगळं आहे.

मी रानटी जातीचा, भरपूर काट्यांचा. मावशीने मला बोटाएवढ्या काडीपासून वाढवलं. मावशी म्हणजे आमच्या रोपवाटिकेत तीस वर्षं राबलेली बाई. एके दिवशी तिने माझ्या सालीला चीर दिली, आत एका गडद लाल गुलाबाचा डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला कोंब, बसवला आणि पट्टी आवळून बांधली. दुखलं. पण महिन्याभरात तो डोळा फुटला आणि वर ती, माझी लाल गुलाब, उभी राहिली. माझं फुलणं तेव्हाच संपलं. खुंटाला जमिनीजवळून स्वतःचा फुटवा आला की मावशी तो लगेच उपटायची. मी मनावर घेतलं नाही. लाल गुलाब फुलायचीच तशी, की राग धरणं जमायचं नाही. नऊ वर्षं आम्ही एका कुंडीत काढली.

रोपवाटिकेसमोर रस्त्यापलीकडे वाचनालय आहे. त्याच्या वरच्या खोलीत बागप्रेमी मंडळाची व्याख्यानं होतात, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. सुरुवातीची सगळी मावशीनेच दिली. व्याख्यान कसलं, ती टेबलावर कुंडी ठेवायची आणि बोलत सुटायची.

"पानं मोजत बसू नका," ती दर वर्षी छाटणीच्या वेळी सांगायची. "कुणी म्हणतं पाच पानांची फांदी चांगली, सात पानांची रानटी. फांदी काय शाळेत आहे का, हजेरी घ्यायला? ती निघाली कुठून ते बघा. गाठीच्या वरून आली तर आपली, खालून आली तर खुंटाची."

गाठ म्हणजे माझा आणि लाल गुलाबाचा जोड. एवढं एक कळलं की गुलाब कळला.

मग मंडळाला नवे अध्यक्ष मिळाले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, कोट घालणारे. त्यांनी पडदा आणला, चित्रं आणली, छापील कार्यक्रमपत्रिका आणली. "व्याख्यात्याची पात्रता पत्रिकेत लिहावी लागते," ते म्हणाले. मावशीच्या नावापुढे लिहायला काही नव्हतं. मग तिने खुर्च्या मांडायच्या आणि कुंड्या वर आणायच्या, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं, बाकीच्यांनी चहा प्यायला.

मावशीने एकच मागितलं. "साहेब, बाकी सगळं तुम्ही बोला. छाटणीचं तेवढं माझ्याकडे राहू द्या. त्यात चूक झाली तर झाड जातं."

"बघू," साहेब म्हणाले.

पत्रिका आली तेव्हा छाटणीपुढे साहेबांचं नाव होतं. आणि प्रात्यक्षिकाला कुंडी होती आमची. ती वर नेली मावशीनेच.

माझी लाल गुलाब अशा जातीची, की तिच्या निरोगी फांद्यांना एका देठावर सात पानं यायची. आणि त्या आठवड्यात मावशीला ताप होता, म्हणून गाठीखालचा माझा एक फुटवा उपटायचा राहिला होता. त्याला पानं पाच.

साहेबांनी सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, उचललं. "मंडळी, सोपा नियम. सात पानं म्हणजे रानटी. निर्दयपणे काढा."

शेवटच्या रांगेतून मावशी उठली. "साहेब, थांबा. त्या डोळ्याच्या फांद्या आहेत. गाठ बघा आधी."

"मावशी, मोजू या ना. एक, दोन, तीन... तुम्हाला सातापर्यंत येतं ना?"

खोली हसली. चाळीस माणसं हसली. त्यातल्या निम्म्यांनी पहिलं कलम मावशीच्या हाताखाली बांधलं होतं. मी एकूण एक तोंड लक्षात ठेवलं.

सिकेटर चार वेळा वाजलं. चौथ्यानंतर माझ्या डोक्यावर कुणी नव्हतं.

"तीन महिन्यांत या फुटव्याला तळहाताएवढी फुलं येतील," साहेबांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मावशी दारापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, "आज खुर्च्या तुम्हीच उचला." ती पुन्हा वर आली नाही.

मी मरू शकलो असतो. पण मेलो असतो तर साहेब म्हणाले असते, कीड लागली. ती सोय मी त्यांना द्यायची? मी जगलो. मिळेल ते सगळं त्या एका फुटव्यात ओतलं. कुंडी वरच्या खोलीतच राहिली होती; साहेब रोज येऊन वीत लावून मोजायचे आणि म्हणायचे, "वा, काय जोम आहे!" जोम होताच. रागाचा होता.

तीन महिन्यांनी रविवार आला. सभासद आपापल्या कुंड्या घेऊन आले. घरी जाऊन त्यांनीही सात पानं मोजली होती, निर्दयपणे. मी नऊ वर्षांत पहिल्यांदा फुललो. फिकट पांढरी, शर्टाच्या बटणाएवढी फुलं, आणि वास म्हणाल तर नाहीच. माझ्यासारखे आणखी सतरा खुंट ओळीने उभे होते, सगळे फुललेले. एवढं सुंदर दृश्य मी पाहिलं नाही.

"पाण्यात क्षार वाढलेत," साहेब म्हणाले. मग म्हणाले, हवामान. मग म्हणाले, ही बहुधा दुर्मीळ जात असावी.

"अठराच्या अठरा?" एक निवृत्त परिचारिका उभी राहिली. "अध्यक्ष, माझा गुलाब माझ्या मिस्टरांनी लावलेला होता. ते गेले, तो राहिला होता. तुम्ही सांगितलंत म्हणून मी माझ्या हाताने कापला."

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्या दिवशी हसणाऱ्यांत तीही होती.

ती तशीच जिना उतरून रस्ता ओलांडून गेली आणि मावशीला घेऊन आली. मावशीच्या हाताला माती होती.

"या, या मावशी! तुमचीच वाट बघत होतो," साहेब म्हणाले.

"तीन महिने? फोन बिघडला होता का?"

खोली पुन्हा हसली; या वेळचं हसू माझ्या कामाचं होतं.

मावशीने व्याख्यान दिलं नाही. ती म्हणाली, "आपापल्या कुंडीत बोट घाला. माती सारा. गाठ शोधा." सतरा बोटं मातीत गेली. एकेकाच्या हाताला गाठ लागत गेली, फांदीच्या वर. मग ती साहेबांकडे वळली. "तुम्हीपण. लागली गाठ हाताला? फांदी वरून निघाली की खालून?"

साहेबांचं बोट माझ्या गाठीवर होतं. मी एक काटा चांगला आत दिला.

ते काहीतरी पुटपुटले. "साहेब, मागे ऐकू जात नाही," मावशी म्हणाली.

"खालून," साहेब माईकमध्ये म्हणाले.

छाटणीचं व्याख्यान आता मावशीचं आहे. पत्रिकेत तिच्या नावापुढे जागा कोरी असते. तिने माझा फुटवा काढला, मला नवा डोळा भरला. पिवळ्या गुलाबाचा आहे म्हणतात. असेल. लाल परत येणार नाही, त्यामुळे मी कुणाला माफ केलंय असं समजू नका. व्याख्यानाला जाल तेव्हा मागच्या रांगेतून कुणी "थांबा" म्हणालं, तर हसण्याआधी जरा थांबा.

साहेब अजून अध्यक्ष आहेत. मुदतीची दोन वर्षं बाकी आहेत. मातीखाली, मावशीच्याही नजरेस पडणार नाही इतक्या खोल, मी एक फुटवा राखून ठेवलाय.