कॉलरच्या आतला नंबर

"बघून घ्या, तुमचाच आहे ना?" काकूंनी गिऱ्हाइकापुढे कोट उलगडून धरला. लाँड्रीच्या काउंटरवर हे वाक्य त्या दिवसातून शंभरदा म्हणत. गिऱ्हाइकं न बघताच मान डोलावत आणि दुसऱ्या दिवशी भलत्याचीच पँट घेऊन भांडायला येत.

"काकू, जरा हात लावा इकडे," मालकांनी माळ्यावरून गाठोडं खाली सोडलं. "लोकांनी न नेलेले कपडे. आज एकदाचे निकालात काढू."

काकू कपड्यांना बांधलेल्या चिठ्ठ्या सोडवायला बसल्या. सहा वर्षांपूर्वी त्यांचा नवरा सकाळी 'आलोच' म्हणून घरातून निघाला, तो आलाच नाही. भांडण नाही, आजार नाही, चिठ्ठी नाही. त्यानंतर पोटासाठी त्या इथे लागल्या. कुणी विचारलं तर "हे बाहेरगावी असतात" एवढंच सांगत. एवढं लांबचं बाहेरगाव कुठलं बाई, असं शेजारीण त्यांच्या माघारी म्हणे. लेकीने कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या नावाआधी 'दिवंगत' लिहिलं, तेव्हा काकू दोन दिवस तिच्याशी बोलल्या नव्हत्या.

गाठोड्यातून एक आकाशी निळा शर्ट निघाला. दुसरं बटण काळ्या दोऱ्याने शिवलेलं. पांढरा दोरा संपला होता म्हणून काकूंनीच ते तसं शिवलं होतं. चिठ्ठीवरची तारीख 'आलोच' म्हणून ते निघाले, त्याच दिवसाची होती.

आनंदाने त्यांचा ऊर भरून आला. पोलिसांना त्यांनी 'अंगात निळा शर्ट' असं लिहून दिलं होतं. म्हणजे सहा वर्षं सगळे भलत्याच माणसाला शोधत होते! मग सापडणार कसे?

"मालक, हा आमच्या ह्यांचा!"

मालकांनी चष्मा वर केला. "दोनशे चौदा नंबर? ते तुमचे हे? सकाळी सकाळी अंगावर चहा सांडून आले होते. त्यांचा पांढरा शर्ट तयार होता, तोच पडद्यामागे घालून गेले. 'हा संध्याकाळी नेतो' म्हणाले, नि मग फिरकलेच नाहीत."

"मला कधी बोलला नाहीत?"

"मला काय ठाऊक, काकू! तुम्ही तर म्हणायचात, ते बाहेरगावी असतात."

काकू काउंटरवर परत आल्या. हात चालत होते, डोकं चालत नव्हतं. पांढरा शर्ट.

नवरा गेल्यानंतर चौथ्या महिन्यात पोलिसांनी त्यांना बोलावलं होतं. शेजारच्या गावच्या धरणात कुणी सापडला होता. "चेहऱ्यावरून कळण्यासारखं नाही, बाई. कपड्यांवरून सांगा," हवालदार म्हणाले होते. पिशवीत पांढरं काहीतरी दिसलं, तशा काकू दारातूनच "आमच्या ह्यांचा निळा होता" म्हणून मागे फिरल्या होत्या. येताना सुटकेच्या आनंदात त्यांनी लेकीसाठी केक घेतला होता. त्या केकची आठवण होऊन आज त्यांना स्वतःची शरम वाटली.

जगात पांढऱ्या शर्टांना काय तोटा? त्यांनी समोरचा ढीग मोजला. अकरा होते. पण प्रत्येकाच्या कॉलरच्या आत लाल दोऱ्याने त्या गिऱ्हाइकाचा नंबर घातलेला होता. कधी मालकांच्या हातचा, कधी काकूंच्या. दोन गिऱ्हाइकांना एक नंबर ह्या लाँड्रीत कधी दिला जात नसे.

निळा शर्ट गाठोड्यात परत टाकला तर कुणाला कळणार होतं? हे आणखी दहा वर्षं बाहेरगावी राहिले असते. काकूंनी तो खरोखरच गाठोड्यात ठेवला, वर दोन चादरी टाकल्या. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच मिटला. मग उठून त्यांनी शर्ट पुन्हा बाहेर काढला आणि पिशवीत घालून ठाणं गाठलं.

हवालदार तेच होते, आता रिटायर व्हायला आलेले. दर महिन्याला येणाऱ्या काकूंना पाहून त्यांनी सवयीने मान हलवली. "नाही हो, बाई. अजून काहीच नाही."

"शर्टाचा रंग मी चुकीचा सांगितला होता," काकू म्हणाल्या. "तो धरणातला... त्याचे कपडे आहेत अजून?"

हवालदार आतल्या खोलीत गेले. बऱ्याच वेळाने एक धुळकट पिशवी घेऊन आले, टेबलावर जागा केली आणि शर्ट बाहेर काढला.

"बघून घ्या," ते हलकेच म्हणाले. "तुमचाच आहे का?"

कॉलर उलटायची म्हणजे काकूंच्या रोजच्या हातचं काम. आज त्यांनी ती दोन्ही हातांनी उलटली. लाल दोरा मातकट झाला होता, पण आकडे शाबूत होते. दोनशे चौदा.

काकूंना रडू फुटलं. हवालदारांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि ते खिडकीजवळ जाऊन उभे राहिले.

"आमच्या ह्यांचाच," डोळे पुसून त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी नीट बघितलं नव्हतं."

"तिकडे कशाला गेले होते, काही कल्पना?"

"नाही, साहेब. ते मला नाही ठाऊक."

हवालदार कागद शोधायला लागले. काकूंनी शर्टाची उरलेली बटणं लावली, तो पालथा घातला, बाह्या मागे घेतल्या, घडी केली, कॉलर बोटांनी ताठ केली. मग त्यावरून तळहात फिरवत राहिल्या. सुरकुत्या काही जात नव्हत्या.