कुंडीतली ओल

पद्मजाने बोट पेरभर मातीत खुपसलं आणि लगेच बाहेर काढलं. ओल. काल तिने थेंबभरही पाणी घातलं नव्हतं, परवाही नाही, आणि पाऊस तर केव्हाच संपला होता. तरी चारही कुंड्या ओल्याच. पानं मात्र माना टाकून बसली होती आणि खालची तर पार पिवळी पडली होती.

"माती कोरडी लागली तरच पाणी घाल, आई. आणि शेणखताचं पाणी अगदी पातळ," गेल्या आठवड्यात पुण्याला मुलाखतीला जाताना शंतनुने बजावलं होतं. नोकरी सुटून बुलढाण्याला परत आल्यापासून तो इतकं सलग कुणाशी बोलला नव्हता. उन्हाळाभर खोलीचं दार लावून पडून असायचा. बापलेकांचं एकदा वाजलं ते वाजलंच. एकाला मीठ हवं असलं तरी दुसऱ्याकडून ते मागायला मध्ये आई लागायची. मग पावसाळ्यात त्याने ही रोपं लावली आणि पोरगं उजाडायच्या आत उठायला लागलं.

रोपं कसली, हेही त्यानेच तिला सांगून टाकलं होतं. ऐकून तिच्या तोंडचं पाणी पळालं. गांजा! आणि तोही कुणाच्या घरी, तर कोर्टात जप्तीचा मुद्देमाल सांभाळणाऱ्या कारकुनाच्या! नवऱ्याला, लक्ष्मीकांतरावांना, नुसता सुगावा लागला तरी आधी झाडं बाहेर जातील आणि मागोमाग पोरगा. बरं, तिने स्वतः उपटावीत, तर तो पुन्हा दार लावून घेणार. इकडे आड, तिकडे विहीर. ती पदर खोचून मागच्या अंगणात येरझाऱ्या घालत राहिली.

"ओ ताई!" शेजारच्या झुंबरबाईने भिंतीवरून डोकं काढलं. "अंबाडी मस्त वाढली हो तुमची. सुकून जायच्या आत जुडीभर द्या ना भाजीले."

पद्मजा झटकन कुंड्यांच्या आड येऊन उभी राहिली. "नको नको, कालच फवारा मारलाय."

"असं? भाऊ तं म्हणे शोभेची झाडं आहेत."

"आमचे हे? कधी म्हणाले?"

"रोजच तं दिसून राह्यले. सकायी तुम्ही देवाजवळ बसल्या का ते तांब्या घेऊन येतात इकडं. लय मन लावून पाणी घालतात हो!"

दिवसभर पद्मजाचं कशात लक्ष लागलं नाही. वरणाला फोडणी दोनदा दिली. संध्याकाळी लक्ष्मीकांतराव दारात चपला काढत होते, तिथेच तिने त्यांना गाठलं.

"मागच्या झाडांना तुम्ही पाणी घालता?"

ते थबकले. "म्हणजे तूही घालतेस?"

"कसली झाडं आहेत ती, ठाऊक आहे ना?"

"असल्या झाडांच्या पोत्यांना लाखेचं सील ठोकण्यात जन्म गेला माझा." त्यांनी चपला उगाच नीट जुळवून ठेवल्या. "म्हटलं, तो नाही, वाळून जातील. गुलाबाचं खतही घातलं थोडं."

इतके दिवस आपण एकटीनेच जीव मुठीत धरून काढले, याचा तिला भयंकर राग आला. तो काढायला ती तोंड उघडणार, तोच तिचा फोन वाजला.

"मुलाखत झाली, आई. बघू," शंतनु म्हणाला. "झाडं कशी आहेत?"

लक्ष्मीकांतरावांनी हात पुढे केला. तिने क्षणभर फोन घट्ट धरला, मग दिला. ते तडक मागच्या अंगणात गेले आणि कुंडीशेजारी उकिडवे बसले.

"मी बोलतोय," ते म्हणाले. घसा खाकरला. "पाणी जास्त झालं रे माझ्याकडून. पानं पिवळी पडलीत. आता काय करू, सांग."

पलीकडून शंतनुचा आवाज बारीक ऐकू येऊ लागला. पद्मजा चौकट धरून उभी राहिली.

"हं," लक्ष्मीकांतराव म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "हं." मग त्यांनी फोनवर हात ठेवला आणि तिच्याकडे न बघताच हळू आवाजात सांगितलं, "चहा इकडेच आण. वेळ लागेल."