गाठोडं पुढे, हिंमतराव मागे

"आजपासून हिंमतराव या गावाचा नाही!" हिंमतरावांनी भर चावडीत जाहीर केलं. "घर, वावर, बैल, बायको, सारी माया! मी चाललो पायी ओंकारेश्वरले, नर्मदामाईच्या पायाशी!"

लोकांनी हात जोडले. दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. मग हिंमतराव घरी गेले आणि वांग्याच्या भाजीबरोबर तीन भाकरी खाऊन आडवे झाले, कारण वावरात कापसाची वेचणी चालू होती आणि बायांवर नजर ठेवायला दुसरं कोणी नव्हतं.

पण नवस टाळून चालणार नव्हतं. पावसाळ्यात बायको सरस्वतीबाई तापानं फणफणली, तेव्हा "ही उठली तर पायी येईन" असं ते देवापुढं रडून बोलले होते. ती उठली. आता आपण बसून राहिलो तर ती पुन्हा पडेल, ही धास्ती त्यांच्या छातीत घर करून होती.

जोशीबुवांनी तोड काढली : प्रस्थान ठेवा. मुहूर्तावर निघता येत नसेल तर माणसाचं गाठोडं वेशीबाहेर दुसऱ्याच्या घरी ठेवायचं; गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला. मात्र पाच दिवसांच्या आत मागोमाग जायचं, आणि वाटेत त्याची गाठ सोडायची नाही की ते माघारी आणायचं नाही.

नाल्यापलीकडं रहेमतुल्ला पिंजाऱ्याचं घर होतं. गाठोडं तिथं गेलं. त्यात धोतर, तांब्या, सुपाऱ्या आणि (हे संध्याकाळी ध्यानात आलं) अडकित्ता.

दुसऱ्या दिवशी पटवारी कागद घेऊन आला. नागपूरच्या सरकारला कसलीशी माहिती हवी होती. तिसऱ्या दिवशी गाय व्याली. चौथ्या दिवशी काहीच झालं नाही, म्हणून हिंमतरावांना जास्तच धडकी भरली. ओट्यावर बसत, उठत, सरस्वतीबाईच्या कपाळाला हात लावून पाहत.

"थंडच हाय," ती म्हणायची. "तुमचंच डोकं तापलं."

अख्खी सुपारी दाढेत धरून ते रोज नाल्यापलीकडं आपल्या यात्रेची खबर घ्यायला जात.

"रहेमतभाई, बरं हाय ना गाठोडं?"

"ते बरं हाय, पाटील. निघालेल्या माणसावानी बसून हाय. तुमीच रोज मागं जाऊन राह्यले."

"जरा गाठ सैल करून फक्त अडकित्ता..."

"अन् तुमची यात्रा मोडली तर? माह्या घरात मोडू नका, बाप्पा."

पाचव्या दिवशी सकाळी हिंमतराव आले तर खुंटी रिकामी.

"वहिनी घेऊन गेल्या," रहेमतुल्ला म्हणाला. "पहाटंच. म्हणाल्या, नवस माह्यासाठी होता, पाय मलेही हायेत. धामणगावाच्या वाटंनं गेल्या."

"तापातून उठलेली बाई! तुम्ही जाऊ काऊन देली?"

"मी कोण अडवनारा? तुमाले पाच दिवसांत कोनी अडवलं का?"

हिंमतराव पळत सुटले. पायात जोडा नाही, डोक्याला पागोटं नाही. मागून रहेमतुल्ला ओरडला, "वावराकडं मी पाहीन, पाटील!" कोणतं वावर, हे हिंमतरावांना नाल्याच्या वळणापर्यंत आठवेना.

धामणगाव बढे मागं पडलं. दर दोन शेतांवर ते विचारत, "गाठोडंवाली बाई गेली का?" आणि दर वेळी उत्तर मिळे, "हाव, आत्ताच." ती आत्ताच पुढं आणि हे आत्ताच मागं, असा दिवस कलला. मलकापूरच्या वाटेवर एका आंब्याखाली ती बसलेली दिसली. गाठोडं मांडीवर, गाठ जशीच्या तशी.

हिंमतरावांनी धापा टाकत आधी तिच्या कपाळाला हात लावला. थंड होतं. मग स्वतःच्या पायांकडं पाहिलं. तळव्यांना फोड आले होते. मागं वळून पाहिलं, गावाचं झाडसुद्धा दिसत नव्हतं.

"आता परत जाता का?" सरस्वतीबाईनं विचारलं.

"नाही," ते म्हणाले, आणि हे आपणच बोललो का, म्हणून त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "चाल. दोघं जाऊ."

तिनं गाठोडं खांद्यावर घेतलं. हिंमतरावांनी ते काढून आपल्या खांद्यावर टाकलं. दोघं दहा पावलं चालली. अकराव्या पावलाला हिंमतराव थांबले, घसा खाकरला. चावडीत बोलताना धरायचे तसा हात वर धरला.

"अवं," ते म्हणाले, "या गाठोड्याले बाजूनं एक बोटभर भोक पाडता येते का पाह्य ना. अडकित्त्यापुरतं."