ड्रायव्हरच्या पाठीमागे अडकलेला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नाही आणि मास्तरांच्या हातातलाही नाही. मी ट्रकच्या ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा. सध्या गॅरेजच्या मागे भंगाराच्या ढिगावर पडून आहे. वेळच वेळ आहे, म्हणून म्हटलं, तुमच्याशी चार गोष्टी बोलाव्यात.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे मला घट्ट विणलं आणि मग यंत्राला बांधून असं काही ताणलं, की विचारू नका! मी तुटलो नाही. खोटं कशाला बोलू, त्याचा मला अजूनही अभिमान आहे.

पुढे मला एका मालवाहू ट्रकमध्ये बसवलं. त्याच्या ड्रायव्हरला सगळे दादा म्हणत. तेव्हा दादा चांगला सडपातळ होता. सकाळी दार उघडायचा, मला छातीवरून ओढून खटकन लावायचा आणि आरशात बघून केस सारखे करायचा. "पट्टा एकदम झकास आहे," असं तो शेजारच्या ड्रायव्हरला सांगायचा. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं!

पण हे काम पडलं बैठं. माल भरायला रांगेत बसायचं, उतरवायला पुन्हा रांगेत बसायचं. मधल्या वेळात तोंडाला चाळा म्हणून वेफर्सची पाकिटं आणि गोड बिस्किटं. डोळे मिटायला लागले की बाटलीतलं रंगीत गोड पेय. सकाळी काही खायचं नाही आणि दुपारी दोन माणसांचं जेवण एकट्यानं चेपायचं. पाण्याचं तर नावच नको. "पाणी प्यायलं की उतरावं लागतं, आणि उतरलं की रांगेतला नंबर जातो," हे त्याचं ठरलेलं उत्तर. असं करता करता दादाचं पोट पुढे सरकत गेलं आणि थेट स्टिअरिंगला जाऊन टेकलं.

जेवण झालं की मी त्याच्या पोटात रुतायचो. मला लावलं नाही तर ट्रक टींटीं करून डोकं उठवायचा. मग दादानं एक युक्ती केली. सीट रिकामी असतानाच मला खटक्यात अडकवून टाकलं आणि स्वतः माझ्या पुढ्यात येऊन बसला. ट्रक गप्प, दादा मोकळा आणि मी त्याच्या पाठीमागे चेंगरलेला. ज्याला सांभाळायचं त्याच्या पाठीला नुसतं टेकून राहायचं, ह्याचं मला फार वाईट वाटायचं.

एके दिवशी दादा लायसन्ससाठी तपासणी करून आला. ट्रकमध्ये बसूनच त्यानं बायकोला फोन लावला. "डॉक्टरबाई म्हणाल्या, साखर वाढलीय, रक्तदाब वाढलाय. तीन महिन्यांत खाली आले नाहीत तर सही करणार नाहीत." सही नाही म्हणजे गाडी नाही. दादाला दुसरं काही येत नव्हतं, आणि आवडतही नव्हतं.

"घरून तर मी डबा देते," बायको म्हणाली. "मग हे वाढतंय कसं? पुढच्या खेपेला मी येते बरोबर. बघू तरी."

ती आली. शेजारच्या सीटवर बसून तिनं आपला पट्टा लावला आणि दादाकडे बघून हसायलाच लागली.

"अहो, तो पट्टा कुणाला लावलाय? खुर्चीला? ती काय पळून जातेय?"

"अगं, जेवल्यावर काचतो."

"मग जेवण कमी करा. पट्ट्याला कशाला शिक्षा?"

ही बाई मला तेव्हाच आवडली.

पण दादा ऐकेल तर शपथ! दुपारी रस्त्याकडेच्या खानावळीत तो पोटाला तडस लागेपर्यंत जेवला. "आज तू बरोबर आहेस म्हणून," असं वर कारणही दिलं. घरचा डबा सीटमागे तसाच राहिला. गाडी पुन्हा सुरू झाली. ऊन काचेतून आत येत होतं आणि रस्ता सरळ होता. बायको खिडकीबाहेर बघत होती. दादाची पाठ सैल पडत चालली होती, ते फक्त मला कळत होतं. त्याची मान पुढे झुकली. चाकं रस्ता सोडून खडीवर गेली आणि अख्खा ट्रक खडखडला.

"अहो!" बायको किंचाळली.

दादानं ब्रेक दाबला. ट्रक खड्ड्याच्या काठाशी थांबला. बायकोला तिच्या पट्ट्यानं धरून ठेवलं. दादाची छाती मात्र स्टिअरिंगवर आपटली. हाड मोडलं नाही, हे नशीब.

"अशानं सही कसली मिळतेय," दादा पुटपुटला. "काम गेलंच म्हणून समज."

बायकोला रडू फुटलं. "काम गेलं तर दुसरं मिळेल हो," ती म्हणाली. "दुसरे तुम्ही कुठून आणू?"

दादानं हात मागे घालून मला सोडवलं आणि छातीवरून ओढून लावलं. मी चांगलाच रुतलो, पण त्यानं हूं की चूं केलं नाही.

त्यानंतर दादा एकदम सुधारला असं समजू नका. मधूनच वेफर्सच्या पाकिटावर ताव मारायचाच. पण सकाळी उकडलेली अंडी खाऊन निघू लागला. बायको एका मोठ्या डब्याऐवजी छोटे डबे देऊ लागली. काकडी, गाजर, शेंगदाणे, सफरचंदाच्या फोडी. थोडं थोडं खाल्लं की दुपारी डोळे जड होत नाहीत, हे त्याचं त्यालाच कळलं. पाण्याची बाटली हाताशी आली. रांगेत थांबला की उतरून ट्रकभोवती फेऱ्या मारायचा. बाकीचे ड्रायव्हर चिडवायचे, "काय दादा, काही हरवलंय का?" तो म्हणायचा, "नाही रे, पोट हरवायचंय!" एवढं करूनही झोप आलीच, तर गाडी बाजूला लावून सरळ झोपायचा.

तीन महिन्यांनी साखर आणि रक्तदाब खाली आले आणि डॉक्टरबाईंनी सही केली. अजून वजन उतरवा, असंही बजावलं. पुढे कितीतरी वर्षं मी दादाच्या छातीवर राहिलो. शेवटी माझ्या कडा विरल्या आणि मेकॅनिकनं मला काढून नवा पट्टा बसवला. ते योग्यच केलं. विरलेल्या पट्ट्याच्या भरवशावर कुणी बसू नये.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी गाडी चालवत असेल. बाबा असतील, काका असतील, मामी असेल. त्यांचा फोन आला की "कुठवर आलात? कधी पोचताय?" असं लगेच विचारू नका. आधी विचारा, काय खाल्लंत, पाणी प्यायलात का, झोप तर येत नाही ना. माणसाला धरून ठेवायला माझ्यासारखे पट्टे आहेत. पण "थांबा, उशीर झाला तरी चालेल," हे काही पट्ट्याला सांगता येत नाही. ते तुम्ही सांगा.