बिनबांगड्यांचे हात

“काकू, तेवढ्या बांगड्या काढून ठेवा ना,” विकास पुन्हा म्हणाला.

सुंदरबाईंनी हात पदराखाली घेतले. “काहून रे? माहा बुढा जित्ता हाय अजून. खोकून राह्यला घरी, आयकू येत नाही का तुले?”

ओसरीवरच्या बाया खदखदून हसल्या. तुळसाबाईही हसली. भाऊ-भावजय गेल्यावर तिनंच वाढवलेला हा भाचा आता शहरात मोठ्या पदवीसाठी संशोधन करत होता. म्हाताऱ्या बायांचा ताल कितपत टिकतो ते पाहायला तो इंझोरीला, तिच्याच घरी आला होता. महागडं यंत्र परवडत नव्हतं. म्हणून वाढदिवसाच्या गाणाऱ्या कार्डातली पितळी चकती काढून त्यानं तिच्या थाळीखाली चिकटवली होती. एका फोनमधून टिकटिक ऐकायची, त्या ठेक्यावर पालथ्या थाळीवर बोट वाजवायचं. चकतीची तार दुसऱ्या फोनला, तिथं ठोका उमटायचा. पण काचेची बांगडी किणकिणली की तीही उमटायची.

“मनगटाले रुमाल बांध की,” तुळसाबाईनं सुचवलं.

“काल बांधला,” विकास म्हणाला. “हात आखडते त्यानं.”

बाया निघून गेल्या. विकास तार गुंडाळत म्हणाला, “आत्या, बिनबांगड्यांच्या बाया आन ना. तुह्यासारख्या. गावात लय असतीन. नाहीतर वर्ष वाया जाते माहं.”

भाजी निवडावी तसं म्हणाला तो. तुळसाबाईला घासात माशी निघाल्यासारखं झालं. दाराच्या दगडावर तिच्या बांगड्या फुटल्या तेव्हापासून तिला कोणी कशाला बोलावलं नव्हतं. याच पोराच्या बारशाला ती मागच्या दारी भांडी घासत बसली होती. पाळण्याला हात लावायची सोय नव्हती. तेव्हा तिनं वाईट मानलं नव्हतं. रीतच होती ती. आणि आज आवतन आलं, तेही कशासाठी!

तरी ती गोजराबाईच्या घरी गेली. वाढवलेलं पोर होतं.

गोजराबाईचा नवरा दिवाळीच्या तोंडावर गेला, तेव्हापासून ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती.

“मले?” ती म्हणाली. “मले बोलावलं त्यानं? नाव घेऊन?”

तुळसाबाईनं नजर दारातल्या शेळीकडे वळवली. “व्हय. नाव घेऊन.”

गोजराबाई तटकन उठली. धुतलेलं लुगडं नेसली, केसांना तेलाचा हात लावला. निघताना शेजारच्या सुनेला ओरडून म्हणाली, “पोरी, शेळीकडे पाह्यजो वं! मी शिकलेल्या पोराच्या कामाले जाऊन राह्यली.”

ओसरीवर पाय ठेवताच विकासनं तिचं मनगट धरलं. तोंडाकडे पाहिलंच नाही. हात उलटासुलटा करून त्यानं कोपरापर्यंत पाहिलं. बाजारात बैलाचे दात पाहतात तसं.

“काय पाह्यतं रे, बाबू?”

“बांगडी नाही ना म्हनून. तिचा आवाज येते यात. म्हनूनच आत्याले म्हटलं, विधवाच पाह्य.” तो खूश होता. “एकदम बेस. बसा मावशी.”

गोजराबाईनं तुळसाबाईकडे पाहिलं. मग तेल लावलेल्या केसांवरून पदर पुढं ओढला.

“बसतो ना,” ती हळूच म्हणाली. “आता आलीच हावो तं.”

त्याला आपल्या हातानं भरवलेला एकेक घास तुळसाबाईला आठवला, आणि त्या आठवणीचीही शिसारी आली.

“बसू नको, गोजरा. ऊठ.”

“आत्या, पाच मिनटाचं काम हाय!”

“शेळीच्या गळ्यातली घंटी काढून तिले बसव,” तुळसाबाई म्हणाली. “तिचाही आवाज येनार नाही मंग.”

“मी काय वाईट बोललो?”

त्याला खरंच कळलं नव्हतं. त्याचा चेहरा पाहून तिला जास्तच किळस आली.

दोघी पायऱ्या उतरल्या. गोजराबाई सवयीनं मागच्या बोळाकडे वळली. कोणाला तोंड दिसू नये म्हणून नवी रांडव बाई त्याच वाटेनं जायची. तुळसाबाईनं तिचं मनगट घट्ट धरलं आणि तिला मधल्या रस्त्यावर आणलं. पारावर पत्ते खेळणाऱ्या माणसांचे हात थांबले.

“कुठं नेतं वं मले?” गोजराबाईनं खालमानेनं विचारलं.

“कुठंच नाही. चाल.”

ऊन डोक्यावर होतं. दोघी रस्त्याच्या मधोमध चालत राहिल्या.