वाहत्या पाण्यात निदान एक तास

एक तास दहा मिनिटांनी राधाकृष्ण मास्तरांनी दुर्बिणीवरचा डोळा उचलला, नळीच्या तोंडावर पत्र्याचे झाकण ठेवले आणि मगच श्वास मोकळा सोडला. एवढा वेळ त्यांनी एकच तारा दोन केसांच्या फुलीवर धरून ठेवला होता. पृथ्वी फिरे तसा तो सरके, आणि मास्तर पितळी स्क्रू किंचित पिळून त्याला जागेवर आणीत. तो तारा त्यांना नकोच होता. त्याच्या शेजारी, कन्या राशीत, नुसत्या डोळ्यांना कधीच न दिसणारा दीर्घिकांचा पुंजका होता. तो आता दुर्बिणीला लावलेल्या फोटोच्या काचेच्या प्लेटवर उतरला असेल, तर उतरला होता.

त्यातल्या एका दीर्घिकेच्या कडेला मागच्या अमावास्येला त्यांना एक ठिपका सापडला होता. गेल्या वर्षीच्या प्लेटवर तो नव्हता. एक तारा फुटला होता, आणि जामखेड तालुक्यातल्या एका गणिताच्या शिक्षकाने तो पाहिला होता. मास्तरांनी प्लेट शहरातल्या विद्वानांच्या मंडळाकडे पाठवली. चिटणिसांच्या सहीचे उत्तर जाड कागदावर टंकलिखित आले:

‘ठिपका कोणता व डाग कोणता हे सांगता येऊ नये, इतकी प्लेट अस्वच्छ आहे. प्लेट वाहत्या पाण्यात निदान एक तास धुवावी, ही प्राथमिक बाब आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवावी.’

पत्रातली सर्वांत अपमानास्पद गोष्ट ही, की ते खरे होते. तांब्याभर पाण्यात खंगाळलेल्या प्लेटमध्ये रसायन राहिले, आणि आठ दिवसांच्या टपालात ती तपकिरी पडली. पावसाने पाठ फिरवल्याला दुसरे वर्ष चालू होते. गावाला टँकर दिवसाआड येई, घरटी दोन घागरी देई. माणसे सरकारी कामावर दिवसभर तलाव खणत आणि संध्याकाळी तहानलेली घरी परतत. चिटणीस महाशयांना मात्र नळ हे पंचमहाभूतांपैकीच एक वाटत असावे.

या खेपेस मास्तरांच्या पत्नी पुष्पावतीबाईंनी प्लेट धुण्यासाठी एक घागर बाजूला काढून ठेवली होती. हे दोन दिवस घर एकाच घागरीवर चालवायचे होते. पुढच्या अमावास्येपर्यंत ठिपका विझणार होता.

मास्तर स्वयंपाकघरात शिरले, दारावर घोंगडी सोडली आणि लाल कागद लावलेल्या दिव्याच्या उजेडात प्लेट रसायनात सरकवली. तेवढ्यात बाहेरची कडी वाजली.

“वहिनी, अवो वहिनी!” शेजारची गोजरबाई होती. “सुनंच्या कळा वाढल्यात. सुईन म्हनती, पानी आना. घरात थेंब न्हाई!”

मास्तरांचे हात थाळीवर थबकले. दार उघडले तर उजेड शिरून प्लेट जाणार होती. ओरडून ‘थांबा’ म्हणता आले असते. त्यांनी तोंड उघडलेही. भिंतीपलीकडून घागर उचलल्याचा जड, भरलेला आवाज आला, मग बांगड्यांचा, मग पावलांचा. त्यांनी तोंड मिटले आणि थाळी हलवत राहिले.

शेवटच्या रसायनातून प्लेट निघाली तेव्हा त्यांनी कंदील लावला आणि ओली काच त्याच्यापुढे धरली. निगेटिव्हच्या उलट्या, पांढऱ्या आकाशात दीर्घिका करड्या कुसळांसारख्या विखुरल्या होत्या. एकीच्या कडेला, जिथे मागच्या खेपेस होता नेमक्या तिथेच, ठिपका होता. डाग दोनदा एकाच जागी पडत नाही. उद्याचा दिवस टँकरचा नव्हता. तोवर ही काचही नासायला लागणार होती. ठिपका खरा, हे मास्तरांना कळले होते. दुसऱ्या कुणाला ते कळायचे कारण उरले नव्हते.

पुष्पावतीबाई परतल्या नाहीत. मास्तर तांबडे फुटेपर्यंत प्लेट थाळीत ठेवून बसून राहिले.

दारात गोजरबाई उभी राहिली, कमरेवर घागर.

“नातू झाला, मास्तर. वहिनी हायेत बाळंतिनीपाशी. तुमची घागर आनलीया.”

“ठेवा.”

“जागंच हुता व्हय? त्या नळकांड्यातनं काय घावलं का?”

मास्तरांनी काच उजेडाकडे धरली, नखाने ठिपका दाखवला. गोजरबाईने डोळे बारीक केले.

“यवढंसं? ह्ये काय, तारा जल्मला?”

“नाही. मेला.”

“आगं बया. कवा?”

“पाच कोटी वर्षांपूर्वी. उजेड आत्ता पोचला.”

तिने रीतसर डोईवरचा पदर सारखा केला.

“म्हंजी लांबची मयत. उशिरा कळली की सुतक न्हाई धरत, मास्तर. निस्ती आंगूळ करायची, फिटतं.”

“आंघोळीला पाणी कुठे आहे, गोजरबाई?”

“तेबी खरंच.” तिने घागर हलवली, तळाशी काहीतरी डुचमळले. “शेजाऱ्याचं भांडं रिकामं कसं द्यायचं, म्हून तांब्याभर ठिवलंया. पर आमाला सोयर हाय बगा. आमचं पानी चालंल का तुमच्या मयताला?”

मास्तर उठले. चिटणिसांच्या पत्रावर ठेवलेली थाळी त्यांनी अंगणात आणली, त्यातून काच उचलून दोन्ही हातांच्या बोटांनी कडेला धरली, थोडी तिरकी.

“ओता,” ते म्हणाले. “बारीक धार धरा.”

गोजरबाईने दोन्ही हातांनी घागर कलती केली. नातवाच्या डोक्यावर ओतावे तशी, हाताचा आडोसा करून, तिने धार धरली. पाणी काचेवरून वाहू लागले.

भिंतीवरचे घड्याळ दारातून दिसत होते. मास्तरांनी तिकडे पाहिले नाही.